रुईच्या पानाखाली

मुकुटबन, १४ जुलै २०२५

सदू,

तुही चिठ्ठी भीमसिंगच्या काळीपिवळी जीपमधून काल सांजच्याले पोचली. 'बुधवारी डोळ्याचा डॉक्टर वणीले येत आहे ताई, ऑपरेशनले तयार राहजो.' मी तयार नाही अन् मी येत नाही. झालं उत्तर. आता काहून ते ऐक.

फोनवरच सांगितलं असतं, पण खाणीतल्या सुरुंगानं तुह्ये कान गेले. मी जे बोलते ते तुह्याआधी सारं मुकुटबन ऐकते. मांगच्या खेपी तुले पोट दुखते म्हणून सांगत होती, तं समोरच्या ओट्यावरच्या चार बाया ओव्याचा अर्क घेऊन आल्या. म्हणून कागद नाकाशी धरून लिहून राह्यली.

डावा डोळा तं गेलाच. उजव्यात मोतीबिंदू. मले पोर ना बाळ, अन् डोळाही एकच उरला. तू म्हणतो अर्ध्या तासाचं काम. असन बापा. पण त्या अर्ध्या तासात हाही गेला तं? मंग जन्मभर मी भिंतीकडे तोंड करून बसू काय? मले भेव वाटते, सदू. लपवून काय करू.

त्याच्या आधी मले एक गोष्ट पाहायची आहे. कोषातून फुलपाखरू बाहेर निघते ना, ते. अन् त्याचा फोटो पायजे. निशिगंधानं तिचा जुना फोन मले देला तवापासून हे येड लागलं आहे, अन् तुह्या नातीनंच लावलं, म्हणून मले बोल लावू नको. नुसत्या डोळ्यानं झाडावर नारंगी डाग दिसते. फोटो काढला, दोन बोटानं ताणला, की त्याचं फुलपाखरू होते. तीनशेच्या वर फोटो झाले.

घरामांगच्या सांदवाडीत रुईची दोन झाडं आहेत. ते नारंगी, काळ्या काठाचं फुलपाखरू, पुस्तकात त्याले बिबळ्या कडवा म्हणतात म्हणे, ते रुईवरच अंडी घालते. अळी रुईचीच पानं खाते, दुसऱ्या पाल्याले तोंड लावत नाही. पंधरा-वीस दिवस अळी, मंग पानाखाली उलटी लटकते, तिचा कोष होते. मंग आठ-दहा दिवसानं फुलपाखरू. एवढं सोपं आहे. पण इथं कोण होऊ देते! ५ तारखेले सकाळी उठून पाह्यते तं कोवळी पानं तोडून नेलेली, अळ्यासकट. १२ तारखेले पुन्हा. मोठ्या झालेल्या चार अळ्या, ज्याईले मी घरच्यावाणी नावं ठेवलती, साफ गायब. कोण हरामखोर रुईची पानं चोरते? गाय खात नाही, बकरी खात नाही!

एक फुलपाखरू निघू दे, फोटो घेऊ दे, मंग तू म्हणशील त्या दिवशी येते. त्याच्या आधी नाही.

सोबत एक फोटो पाठवते. स्टुडिओवाला म्हणे, 'काकू, एक नंबर.' पंखावरच्या पांढऱ्या बुंदक्या मोजून पाह्य.

विमलताई


वणी, १७ जुलै

ताई,

काल सकाळी आठ वाजतापासून दवाखान्यातल्या बाकड्यावर मी बसून होतो. तुह्या नावानं चौदा नंबर लावला होता. वाटलं, नाही म्हटलं तरी तू येशील. डॉक्टरनं दोनदा पुकारलं म्हणे, मले काही ऐकू आलं नाही. शेवटी कंपाउंडरनं खांदा हलवला अन् विचारलं, 'पेशंट कुठं आहे?' मी काय सांगू? पेशंट अळीच्या मांगे बसली आहे म्हणून सांगू?

ताई, मोतीबिंदू जास्त पिकला की काढाले कठीण जाते, हे डॉक्टर मले तीनदा बोलला. तिसऱ्या वेळी कागदावर लिहून देलं. तो कागद सोबत जोडला आहे. पुढची तारीख १३ ऑगस्ट, बुधवार. मी नाव लिहून टाकलं.

अन् मले एक सांग, डोळ्याचं दुखणं असलेल्या बाईनं आंगणात रुई ठेवावी काय? चिकाचा एक थेंब डोळ्यात गेला तं कोणता डॉक्टर काय करन? आपली आई रुईची सावली दारात पडू देत नव्हती.

पानाचं म्हणशील तं एवढं मनावर घेऊ नको. रुईचं पान आहे, कोणी देवाच्या कामाले नेलं असन. देवाच्या कामाले गेलेल्या वस्तूले चोरी म्हणू नये. तुह्याकडे लिंबाचं झाड आहे, गोडनिंब आहे, त्याच्यावरही अळ्या असतात. त्याच्यातून एखादं फुलपाखरू काढून घे ना. फुलपाखरू ते फुलपाखरू.

फोटो मिळाला. रंग चांगला आला. बुंदक्या मोजाले वेळ भेटला नाही.

सदाशिव


मुकुटबन, २८ जुलै

सदू,

फुलपाखरू ते फुलपाखरू! असं बोलाले लाज नाही वाटली? तुह्या सुनेनं तुले चहाच्या जागी कढी देली तं तू पेशील काय, पातळ ते पातळ म्हणून?

तरी तुह्या शब्दाखातर गोडनिंबाजवळ स्टूल टाकून बसली. हिरवीगार अळी होती, चांगली बोटाएवढी. फोन सुरू करते तोवर एक साळुंकी आली अन् उचलून घेऊन गेली. फोटोत साळुंकीची शेपटी आली.

आता खरी गोष्ट ऐक. १९ अन् २६, दोन्ही तारखेले पुन्हा चोरी झाली. काल मी कॅलेंडर घेऊन बसली. चारही दिवस शनिवार! माह्या डोस्क्यात तवा उजेड पडला. तशीच उठून मारुतीच्या देवळात गेली. आदल्या दिवशीची शनिवारची माळ देवाच्या गळ्यात तशीच होती, रुईच्या पानाची, अकरा पानं. मी फोन काढला, फोटो घेतला अन् ताणून पाह्यला. सदू, पानाले भोकं होती! गोल, काठाकाठानं कुरतडलेली. माह्या अळ्यानं खाल्लेलं पान मले ओळखू येणार नाही काय? पुजाऱ्याले विचारलं तं म्हणे, 'दिवस उगवाच्या आधी कोणीतरी पायरीवर ठेवून जाते, मी वाहतो. मले वाटलं तुम्हीच ठेवता.'

मीच ठेवते! माह्या अळ्या मीच देवाले वाहते!

मंग मले शनिवारची गोष्ट आठवली. शेजारची धनीबाई साखर मागाले आलती तवा तिच्या बोटाले पांढरा चीक चिकटला होता. मी उभ्या उभ्या तिच्या दारात गेली. म्हटलं, 'धनीबाई, तीस वर्षं झाले तुम्ही तांड्यावरून इथं राहाले आल्या, तुमची अन् माह्यी एक विहीर, एक कुंपण. अन् तुम्ही चोरून पानं नेता?' 'मले काही विचारू नको विमलताई,' एवढंच म्हणे अन् चुलीकडे तोंड करून बसली. नाही म्हणाले काय जाते? पण नाही म्हटलं नाही तिनं. मी चोर म्हटलं, तिच्या सुनेसमोर म्हटलं. तवापासून बोलणं बंद आहे. साखर परत आली, वाटीसकट.

तुह्या डॉक्टरचा कागद वाचला. भेव दाखवाले लोकाईले बरं जमते.

विमलताई


वणी, ३१ जुलै

ताई,

धनीबाईले चोर म्हणालीस हे बरं नाही केलं. बिलकुल बरं नाही केलं. ती बाई चोर नाही. मी हे खात्रीनं सांगतो. कसं ते विचारू नको, माणूस माणसाले ओळखते एवढंच समज. तू तिच्या घरी जाऊन आधी बोलणं सुरू कर. पापड, लोणचं, काहीतरी घेऊन जा.

९ तारखेले राखी आहे. मी सकाळच्या गाडीनं येतो, सांजच्या गाडीनं परत जातो. आल्यावर आपण समोरासमोर बसून १३ तारखेचं पक्कं करू. लिहिण्यात तू मले जिंकतेस. समोर तरी माह्या तोंडाकडे पाहून हो म्हणशील.

मले रात्रंदिवस तोच एक घोर लागला आहे. सुनबाई म्हणते, 'बाबा, तुम्ही जेवतानाही बोटं मोजता.' मोजतो. तारखेले किती दिवस राह्यले ते मोजतो.

दुसऱ्या झाडावरची पानं कोणी नेत नाही ना? त्या झाडावर अळ्या ठेवत जा मंग.

सदाशिव


मुकुटबन, ६ ऑगस्ट

सदू,

अळ्या काय भांडे आहेत, या फळीवरून त्या फळीवर ठेवाले? तरी तुह्या म्हणण्यावर दुसऱ्या झाडावर दोन ठेवून पाह्यल्या. २ तारखेच्या शनिवारी चोरानं त्याच झाडाची पानं नेली. जसं काही कोणी त्याले झाड बदलाले सांगितलं!

पण ऐक, एक वाचली. काल तिचा कोष झाला. पहिल्या झाडाच्या मधल्या फांदीले, माह्या खांद्याएवढ्या उंचीवर, पानाखाली. हिरवा, शेंगदाण्याएवढा, अन् ताणून पाह्यलं तं सोनेरी टिकल्या आहेत त्याच्यावर. मी सकाळपासून सात खेपा जाऊन आली. हसू नको. म्हातारपणी माणसाले काहीतरी आपलं लागते.

हिशेबानं १४ नाहीतं १५ तारखेले निघन. म्हणून १३ तारीख जमत नाही. दोन दिवस, सदू! डॉक्टरले म्हणा दोन दिवसानं ये. नाही येत तं त्याच्या पुढच्या तारखेले मी शब्द देते, तुह्यी शपथ घेऊन देते.

राखीले येजो. पुरणपोळी करते. पण सांदवाडीत पाय ठेवला तं तंगडं तोडीन. शनिवार आहे, चोर येईनच. त्याचाही बंदोबस्त केला आहे मी. धनीबाईकडे मी जाणार नाही. चुकी तिची, अन् लोणचं माह्यं?

विमलताई


मुकुटबन, १० ऑगस्ट

सदाशिवराव,

काल चार वाजता तुम्ही गाडीत बसले. हात हलवला. मी घरात आली, भांडे घासाले टाकले अन् सांदवाडीत गेली. कोष नाही. पान नाही. देठातून चीक गळून राह्यला होता, म्हणजे तोडून जास्त वेळ झाला नव्हता. मी तिथंच दगडावर बसली.

माह्या बंदोबस्ताचं तुम्हाले सांगितलं नव्हतं. स्टुलावर पिठाचा डबा ठेवला, डब्याले फोन टेकवला, पानाकडे तोंड करून व्हिडिओ सुरू करून मी पुरण वाटाले गेलती. चोराले धरासाठी. तो व्हिडिओ मी पाह्यला. अर्धा घंटा नुसतं पान हलते. मंधात एक कोंबडी गेली. मंग एक हात आला.

राखीसकट हात, सदू! लाल गोंड्याची राखी, मी घंटाभर आधी बांधलेली, तोंडात पेढा घालून! त्या हातानं आधी एक पान तोडलं, मंग दुसरं, मंग हात थांबला, अन् मंग कोषाचं पान खुडकन तोडलं. दहादा पाह्यलं. मले वाटलं माह्या डोळ्याचाच दोष असन. पण राखी तीच, अन् अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागही तोच.

कुंपणानंच शेत खाल्लं. अन् वरून मलेच लिहितो, 'देवाच्या कामाले गेलं असन'! पण मले एक समजत नाही. आधीचे पाच शनिवार तू तं वणीत होता. अन् धनीबाई काल तीजेच्या सणासाठी तांड्यावर गेली आहे. हे काय गौडबंगाल आहे ते खरं खरं लिही. नाहीतं पुढच्या राखीले आपल्या हाताले दोरा आपणच बांधून घेजो.

विमल


वणी, ११ ऑगस्ट

ताई,

सकाळी भीमसिंगनं चिठ्ठी देली. तिथंच रस्त्यावर उभं राहून वाचली. हा कागद त्याच्याच परतीच्या गाडीनं पाठवतो. आता लपवण्यात अर्थ नाही.

नवस मी बोललो आहे. तुह्या डोळ्यासाठी. मुकुटबनच्या मारुतीले अकरा शनिवार रुईच्या अकरा पानाची माळ, खंड न पडता. आई म्हणे ना, 'ज्याचं दुखणं, त्याच्या दारचं पान.' म्हणून पानं तुह्याच सांदवाडीतली पायजे होती. मी वणीत, दर शनिवारी पहाटे कसा येणार? म्हणून जूनमध्ये आलतो तवा धनीबाईच्या हाता-पाया पडलो. नवस ज्याच्यासाठी आहे त्याले कळला तं फळत नाही, म्हणून तिच्याकडून शपथ घेतली. ती बाई तुह्या शिव्या ऐकत बसली, पण बोलली नाही. मी वणीत बसून वाचत होतो अन् मले माह्याच थोबाडीत मारून घ्यावं वाटत होतं.

तू अळ्याचं लिहिलं तवा मले समजलं मी काय करून ठेवलं. पानं नेली की अळी जाते, अळी गेली की तू येत नाही, तू आली नाही की मी घाबरतो अन् मारुतीले अजून घट्ट धरतो. पण नवस मधात कसा सोडू? धनीबाईले निरोप धाडला, दुसऱ्या झाडाची तोड. अन् घाबरून तुलेही तेच झाड लिहून बसलो, मंग तू तिकडेच अळ्या नेल्या.

९ तारखेले ती तांड्यावर गेलती, म्हणून मले स्वतः तोडा लागली. दहा झाली, एक कमी पडत होतं. अळी नाही ना म्हणून मी खालून वाकून पाह्यलं, देवाशपथ पाह्यलं. हिरवं, गोल काहीतरी दिसलं. कोष मी जन्मात पाह्यला नव्हता, मले ती रुईची कळी वाटली. म्हटलं, कळीसकट पान, मारुती खूश होईन.

ताई, डावा डोळा माह्यामुळे गेला. तू वणीले येऊन म्हणाली होती, 'सदू, दिव्याभोवती रंगीत कडी दिसते.' मी म्हटलं, डबल ड्युटी आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात पुढचा महिना म्हटलं. काचबिंदू थांबला नाही. तू एका शब्दानं कधी बोलली नाही, पण मी रोज आठवतो. आता हा एक डोळा आहे. माह्याजवळ दुसरं काय आहे करासारखं? पानंच तोडू शकत होतो.

सहा शनिवार झाले. आता तुले कळलं, म्हणजे तेही वाया गेले. तू ये म्हणण्याचा माहा हक्क राह्यला नाही. तरी ये.

सदाशिव


मुकुटबन, १२ ऑगस्ट

सदू,

भल्ला शहाणा आहेस तू! नवस करतो डोळ्यासाठी, अन् डोळ्याची तारीख पुढे ढकलतो त्याच नवसानं. मारुतीही वर बसून डोस्कं धरत असन.

काल तुही चिठ्ठी आली अन् धनीबाई तांड्यावरून आल्या आल्या मी तिच्या दारात गेली. लोणचं नेलं नाही, तसंच गेली. म्हटलं, 'सदूनं सांगितलं.' ती म्हणे, 'याडी ये,' म्हणजे त्याईच्या बोलीत 'माय वो', 'सुटली एकदाची मी!' अन् रडाले लागली. मीही रडली. मी पाया पडाले वाकली तं तिनं दंड धरून उभं केलं अन् म्हणे, 'चोर म्हटलं ते माफ. पण साखरेची वाटी परत घेतली ते नाही.' सांज पडाच्या आत आम्ही दोघी देवळामांगच्या निर्माल्याच्या ढिगाऱ्यावर गेलो. मले तं सारं हिरवंच दिसत होतं. ती एकेक माळ उलटी करून पाहे. चौथ्या माळेत तिले सापडला. पान कोमेजलं, पण कोष धड. हात लावला तं हलला, सदू! पांढऱ्या दोऱ्यानं देठ बांधून आम्ही त्याले परत फांदीवर लटकवला.

आता डाव्या डोळ्याचं. पंधरा वर्षं तू हे पोटात घेऊन बसला काय? येडा रे येडा. रंगीत कडी मले तुले सांगायच्या एक वर्ष आधीपासून दिसत होती. मी कोणालेच सांगितलं नाही. दवाखान्याचं भेव. तुले सांगितलं तवा अर्धा डोळा गेलाच होता. तू दुसऱ्या दिवशी नेलं असतं तरी गेलाच असता, डॉक्टरनं मले तेव्हाच सांगितलं होतं. मी तुले बोलली नाही कारण चुकी माह्यी होती, अन् चुकी कबूल कराले मले जन्मापासून जमत नाही.

म्हणून उद्या येते. फोटो राह्यला तं राह्यला. पुन्हा भेवापायी वर्ष घालवणार नाही.

पण तू दवाखान्यात नको. तुले ऐकू येत नाही, डॉक्टर काय म्हणते ते मले टेबलावर झोपून ओरडून सांगा लागन. सुनबाई अन् निशिगंधा पुऱ्या आहेत. तू सकाळच्या पहिल्या गाडीनं इकडे ये, मी त्याच गाडीनं तिकडे जाते. फोन स्टुलावर ठेवला आहे. कोषाजवळ बस अन् हलू नको. काळा पडला की समज, दुसऱ्या दिवशी निघते. तवा मधातलं गोल बटन दाबजो. एवढंच करायचं. हे तरी नीट कर.

शनिवारची अकरा पानं मी निवडून, खालून वरून धनीबाईकडून पाहून, ओल्या फडक्यात ठेवली आहेत. सहा वाया गेले नाहीत. मले कळलं म्हणून मारुतीले काय राग येते? त्याले सगळं आधीपासूनच माहीत होतं.

ताई


मुकुटबन, १५ ऑगस्ट

ताई,

आधी सांग, दिसते काय? काल पट्टी काढणार होते. सुनबाईचा फोन आला, मले एक अक्षर ऐकू आलं नाही. धनीबाईनं फोन घेतला अन् मले खुणेनं सांगितलं, चांगलं आहे. पण ती बाई शपथ पाळून खोटं वागू शकते हे मी अनुभवानं जाणतो. म्हणून तुह्या हातचं दोन ओळी लिहून पाठव.

इकडचं सांगतो. काल दुपारून कोष काळपट झाला. आज सहा वाजतापासून स्टुलाजवळ बसलो. कोषाची साल काचेवाणी झाली होती, आतली नारंगी घडी दिसे. बाहेरून शाळेच्या पोरांची प्रभातफेरी गेली, धनीबाईनं सांगितलं म्हणून समजलं. तेवढ्यात खालच्या बाजूनं साल उकलली. आधी पाय आले. केसासारखे पाय, ते कोषाले धरून ओढाले लागले, अन् सगळं धड एकदम बाहेर आलं अन् लटकलं. मी घाबरलो ताई. पंख नव्हतेच. पिळून ठेवलेल्या लुगड्यासारखं काहीतरी चुरगळलेलं होतं. मले वाटलं, माळेत दबून मेलं, माह्यामुळे हेही गेलं. एक लाल थेंब माह्या हातावर पडला, मले रक्तच वाटलं.

मंग ते लुगडं हळूहळू उलगडाले लागलं. कोणी ओढत नाही, वारा नाही, आपोआप. पंधरा मिनिटात पुरे पंख झाले. नारंगी, काठाले काळी पट्टी, तिच्यात पांढऱ्या बुंदक्या. पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढऱ्या ठिपक्याची तिरपी ओळ. मांगच्या पंखावर मधात काळे ठिपके, चार. मी मोजले. दोनदा मोजले, तू विचारशील म्हणून. घंटाभर ते वाळत बसलं, मी श्वास धरून बसलो. मंग एकदा पंख मिटले, उघडले, अन् कुंपणावरून धनीबाईच्या तुरीकडे गेलं.

तवा धनीबाई म्हणे, 'फोटो?'

फोन माह्या हातातच होता. बटन दाबायचं राहून गेलं.

ताई, जे म्हणायचं ते म्हण. मी मुद्दाम नाही केलं. नुसता पाहत राह्यलो.

सदाशिव


वणी, १७ ऑगस्ट

सदू,

दिसते.

दिसते रे, सदू. पट्टी काढली तवा आधी डॉक्टरची बोटं दिसली, मंग निशिगंधाच्या नाकातली चमकी, मंग तुह्या घरातली जाळी. कोळ्याची. चार कोपऱ्यात चार. सुनबाईले बोलली नाही, पाहुणी आहे म्हणून. मी त्या दिवशी खिडकीजवळ बसून रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक मोजले, नंबरासकट. लोक म्हणत असतील म्हातारी काय पाहते.

आता तुह्यावर येते. माणसाले एक काम सांगितलं होतं! एक गोल बटन! दोन महिने मी त्या एका फोटोपायी साळुंकी, पुजारी, शेजारीण, सख्खा भाऊ, सगळ्याईशी भांडली. अन् तू फोन हातात घेऊन नुसता पाहत राह्यला! चिठ्ठी वाचून मी एवढी ओरडली की सुनबाई धावत आली, तिले वाटलं टाका तुटला.

मंग राग काढाले म्हणून मी निशिगंधाले म्हटलं, 'आण माह्ये फोटो.' मी त्याच्या आधी तिच्याकडे पाठवलेले होतेच सगळे. तिनं ते कॉम्प्युटरवर मोठे करून लावले. चारशे बारा.

सदू, फुलपाखराचा एक धड नाही. सगळे हललेले, धुरकट. कुठं नुसता नारंगी डाग, कुठं माहा अंगठा, कुठं झाड चांगलं आलं अन् फुलपाखराच्या जागी मळकट फडकं. ज्याच्या बुंदक्या तुले मोजाले सांगितल्या त्या फोटोत बुंदकीच नाही! मी निशिगंधाले विचारलं, 'तुले माहीत होतं?' ती खाली पाहाले लागली. स्टुडिओवाला एक नंबर म्हणे. धनीबाई परी म्हणे. तू 'रंग चांगला आला' लिहिलं. सगळेच्या सगळे लबाड! आंधळीले आंधळी म्हणाले एकाच्याही तोंडाले जीभ नव्हती. मी आधी भल्ली चिडली. मंग मले हसू आलं, अन् मंग रडू आलं, अन् नवीन डोळ्याले पाणी लागू द्यायचं नाही म्हणून निशिगंधा कापूस घेऊन मांगे मांगे.

तुही चिठ्ठी मी तीनदा वाचली. पाय आधी निघाले, लुगडं उलगडलं, मांगच्या पंखावर चार ठिपके. चारशे बारा फोटोत जे आलं नाही ते त्या दोन पानात आलं. मले ते फुलपाखरू दिसलं. म्हणून बटन दाबलं नाही ते माफ आहे असं समजू नको.

डॉक्टरनं बुधवारपर्यंत इथं ठेवलं आहे. गुरुवारी भीमसिंगच्या गाडीनं येते. राह्यलेल्या चार शनिवारची पानं मी तोडीन, माह्या हातानं, खालून पाहून. तू ओट्यावर बसून राहजो. आल्या आल्या पहिला फोटो तुह्या थोबाडाचा काढते. अन् बिघडला तं बिघडला म्हणजो.

तुही ताई